हवाई छत्रीवरील हौशी रेडिओ

हवाई छत्रीवरील हौशी रेडिओ : विमानातून उडी घेऊन हवाई छत्रीच्या साहाय्याने खाली उतरत असताना परवानाधारक हौशी रेडिओचालकाने अंगावरील लहान संचावरून जमिनीवरील इतर हौशी रेडिओचालकांशी केलेले दुतर्फा संदेशवहन. या प्रकारात रेडिओकेंद्र, त्याचा आकाशक व त्याचा चालक हे तिन्ही एकाच छत्रीला टांगलेले असतात आणि केंद्राचे आयुष्य काही मिनिटांचेच असते. असा चालक आपला ओळखसंकेत उच्चारताना त्याच्या शेवटी ‘पॅराशूट मोबाइल’ हे शब्द जोडतो. त्यामुळे ऐकणाऱ्यास बोलणारा माणूस अधांतरी आहे हे कळते व तो आपले बोलणे आवरते घेतो.

हौशी रेडिओ आणि छत्री-उडी या दोन छंदांचा परस्परांशी वरवर पाहता काही संबंध दिसत नाही. पहिला बैठा, रात्री जागवणारा व धीराचा. दुसरा क्षणभंगुर व थरारक. तथापि रेडिओ हौशींना प्रारंभापासून उंचीचे आकर्षण आहे. घराच्या गच्चीवरील खांब, टेकडीचा माथा, किल्ल्याचा बुरूज, फुगा, कृत्रिम उपग्रह अशा चढत्या पायऱ्यांनी हा छंद वाढत गेला. भारतीय अवकाश संशोधन संस्थेने ५ मे २००५ रोजी हॅमसॅट हा ४२·५ किग्रॅ. वजनाचा उपग्रह केवळ हौशी रेडिओचालकांसाठी सोडला व त्याने २०१४ पर्यंत काम दिले. छत्रीवरील रेडिओ ही याच मालिकेतील, गच्ची आणि उपग्रह यांच्या मधली, एक पायरी होय.

उंची व पल्ला : हौशी रेडिओचालक हातातील संचासाठी मुख्यत्वे सु. २ मी. तरंगलांबीचा पट्टा वापरतात. भारतात त्यासाठी १४४ ते १४६ मेगाहर्ट्‌झ एवढी कंप्रता राखून ठेवलेली आहे. या कंप्रतेचे तरंग लघुतरंगांप्रमाणे आयनांबरावरून परावर्तित होऊन दूर जात नाहीत. ते प्रकाशाप्रमाणे बहुतांशी सरळ रेषेत जातात व डोंगर आडवा आला की अडतात. वातावरणात ते किंचित खाली वाकत असल्याने त्यांचे क्षितिज डोळ्यांना दिसणाऱ्या क्षितिजापेक्षा थोडे दूर असते. आकाशकाची जमिनीपासूनची उंची मीटरमध्ये घेऊन तिच्या वर्गमुळास ४·१२ ने गुणल्यास रेडिओ क्षितिजाचे अंतर किलोमीटरमध्ये मिळते. सपाट भूमीवर उभ्या असलेल्या माणसाच्या हातातील आकाशक दीड मीटर उंच धरला, तर त्याचे क्षितिज केवळ ५ किमी. येते. ९०० मी. उंचीवर छत्री उघडलेल्या माणसाचे ते १२४ किमी. होते आणि ३,००० मी. उंचीवर २२५ किमी. हूनही अधिक भरते.

पुणे जिल्ह्याच्या मुळशी तालुक्यातील उरवडे या गावाचे उदाहरण घेतल्यास हा फरक प्रत्यक्ष ध्यानात येतो. पुण्याच्या पश्चिमेस, पिरंगुटहून लवासाकडे जाणाऱ्या रस्त्यावरील हे गाव समुद्रसपाटीपासून सु. ६०० मी. उंचीवर, सह्याद्रीच्या फाट्यांमधील खोलगट भागात आहे. पुणे शहर येथून फार दूर नाही. परंतु मध्ये डोंगरांच्या सोंडा येतात. येथील शेतात उभे राहून हातातील संचाने पुण्यातील तशाच संचाशी बोलू पाहणाऱ्यास बहुधा खरखरच ऐकू येईल. त्याच शेताच्या वर ९०० मी. उंचीवर टांगलेल्या माणसास मात्र पुणे शहर पायाखाली पसरलेले दिसते आणि जे दिसते त्याच्याशी त्याला बोलताही येते. मुंबईची गोष्ट अधिक बोधप्रद आहे. ती येथून शंभरएक किलोमीटर, म्हणजे ९०० मीटरवरील क्षितिजाच्या आत आहे. परंतु वाटेत सह्याद्रीचा सु. १,००० मी. उंचीचा माथा असून या उंचीवरून मुंबईकडे जाणारी सरळ रेषा त्या माथ्याला जवळजवळ घासून जाते. संपर्क झाला तर होईल, न झाला तर नाही. छत्री ३,००० मीटरवर उघडली, तर तीच रेषा माथ्याच्या कितीतरी वरून जाते व घाटमाथ्याचा अडसर उरत नाही. पुण्यासाठी दूरदर्शनचा प्रक्षेपण मनोरा सिंहगडावर उभारण्यामागे हेच तत्त्व होते.

येथे शक्तीचा प्रश्न दुय्यम असतो, ही गोष्ट सामान्य वाचकास चमत्कारिक वाटण्याजोगी आहे. हातातील संचाची प्रक्षेपणशक्ती ५ वॉट, म्हणजे रात्री लावायच्या लहानशा दिव्याइतकी असते. तथापि दृष्टिरेषा मोकळी असेल, तर एवढी शक्ती शंभर किलोमीटरपलीकडे स्पष्ट संभाषण पोचविण्यास पुरून उरते. जमिनीवरचा चालक कमी पडतो तो शक्तीने नव्हे, तर उंचीने.

या उंचीची एक खोडही आहे. उंचावरील माणूस सर्वांना ऐकू जातो, तसे सर्वजण त्यालाही एकाच वेळी ऐकू येतात. कंप्रता-विरूपण पद्धतीत, म्हणजेच ज्याला एफएम म्हणतात त्यात, एकाच कंप्रतेवर दोन केंद्रे बोलू लागल्यास प्रबळ केंद्र दुर्बळास दाबून टाकते. दोन्ही सारखीच प्रबळ असल्यास नुसती शीळ उमटते. एकमेकांपासून दीडशे किलोमीटरवर असलेल्या दोन चालकांना परस्परांचे अस्तित्वही जाणवत नाही आणि दोघेही वरच्या माणसाला एकदम हाका मारतात. म्हणून अशा प्रयोगात जमिनीवर एक नियंत्रण केंद्र ठेवून ते एकेका केंद्राला क्रमाने पुकारते.

उडीचे टप्पे : नेहमीच्या क्रीडा-उडीत सु. ४,००० मी. उंचीवर विमान सोडतात. पहिला सु. एक मिनिट मुक्त पतनाचा असतो. या काळात शरीराचा वेग सेकंदास ५५ मी. पर्यंत, म्हणजे ताशी सु. २०० किमी. पर्यंत जातो. वाऱ्याचा गडगडाट एवढा असतो की बोलणे व ऐकणे दोन्ही अशक्यप्राय होते. या वेगामुळे कंप्रता बदलून संभाषणात अडथळा येत असावा अशी शंका भौतिकीच्या विद्यार्थ्यास येईल. परंतु डॉप्लर परिणामामुळे होणारा हा बदल १४५ मेगाहर्ट्‌झला सु. २७ हर्ट्‌झ इतकाच असून तो संचास जाणवतही नाही. अडचण आहे ती वाऱ्याच्या आवाजाची व चालकाचे लक्ष दुसरीकडे गुंतलेले असण्याची.

छत्री उघडताच परिस्थिती पालटते. आधुनिक चौकोनी छत्री विमानाच्या पंखासारखी असते. ती सेकंदास सु. ५ मी. वेगाने खाली येते व त्याच वेळी पुढेही सरकते. भोवताली शांतता पसरते. ९०० मीटरवर छत्री उघडल्यास उतरण्यास सु. तीन मिनिटे लागतात. त्यांतील छत्री नीट उघडली आहे की नाही याची तपासणी आणि उतरण्याची तयारी वगळता रेडिओसाठी मिनिट-दीड मिनिट मिळते. त्यामुळे रेडिओ हौशी मुक्त पतनाचा आनंद सोडून देतात व विमानातून बाहेर पडल्यावर काही सेकंदांतच छत्री उघडतात. ३,५०० मीटरवर उघडलेली छत्री सु. १२ मिनिटे हवेत राहते. एका संपर्कास २० सेकंद धरले, तरी यात ३६ हून अधिक संपर्क होऊ शकत नाहीत; व्यवहारात ते याहून बरेच कमी होतात. शेवटच्या ३०० मीटरमध्ये, म्हणजे अखेरच्या मिनिटात, चालकाने अजिबात बोलू नये हा संकेत पाळणे इष्ट ठरते. जाणत्या उडीबहाद्दरांच्या अपघातांपैकी पुष्कळसे छत्री व्यवस्थित उघडलेली असताना, उतरण्याच्या क्षणी चुकीचे वळण घेतल्याने होतात हे लक्षात घेता हा संकेत अवाजवी म्हणता येत नाही.

साधनसामग्री : संच साधाच असतो, कठीण असते ती त्याची बांधणी. चालकाचे दोन्ही हात छत्रीच्या सुकाणूदोऱ्यांवर गुंतलेले असल्याने बोलण्याची कळ बोटाशी किंवा हातमोज्यावर बसवतात. ध्वनिग्राहक शिरस्त्राणात, ओठांना लागून किंवा गळ्याला चिकटवून ठेवतात. ४,००० मीटरच्या आसपास हवा जमिनीपेक्षा वीसपंचवीस अंश सेल्सियसने थंड असते. म्हणून हातमोजे चढवावे लागतात आणि ते घातल्यावर संचावरील बारीक कळा निरुपयोगी ठरतात. यास्तव कंप्रता जमिनीवरच लावून कळपट कुलूपबंद करण्याची रीत आहे. पाव तरंगलांबीचा आकाशक या पट्ट्यात सु. ५२ सेंमी. लांब होतो. तो खांद्यावर किंवा मांडीशी उभा बांधला, तरी मानवी शरीर तरंग शोषून घेत असल्याने छत्री वळेल त्याप्रमाणे संदेश क्षीण व प्रबळ होत राहतो.

लघुतरंगांवरील प्रयोगात आकाशकाचा प्रश्न आणखी अवघड होतो. १४ मेगाहर्ट्‌झला पाव तरंगलांबीदेखील ५ मीटरहून अधिक भरते. एवढी तार छत्री उघडल्यानंतरच खाली सोडावी लागते आणि ती कोठे अडकल्यास झटक्यासरशी तुटून सुटावी अशी योजना करावी लागते.

सर्व बांधणीमागे एकच भय असते व ते विद्युत्‌ स्वरूपाचे नसून यांत्रिक असते. उडी घेणाऱ्याच्या छातीवर दोन मुठी असतात. एक बिघडलेली मुख्य छत्री तोडून टाकण्याची व दुसरी राखीव छत्री उघडण्याची. संकटकाळी या मुठी न पाहता काही क्षणांत ओढाव्या लागतात. ध्वनिग्राहकाची एखादी तार त्यांवरून गेली किंवा आकाशकाचे टोक छत्रीच्या दोरीत गुंतले, तर केवळ गंमत म्हणून बरोबर घेतलेला संच जीवघेणा ठरू शकतो. म्हणून तारा पोशाखाच्या आतून नेतात व नवी बांधणी प्रथम जमिनीवर टांगून, मुठी प्रत्यक्ष ओढून तपासतात. याशिवाय ठरावीक उंचीखाली शरीर वेगाने पडत असल्यास राखीव छत्री आपोआप उघडणारे एक इलेक्ट्रॉनीय उपकरण पाठीवरील पिशवीत असते. प्रक्षेपण करणारा संच त्यापासून दूर बांधणे श्रेयस्कर असते.

काही चालक बोलण्याबरोबर, किंवा बोलण्याऐवजी, स्थाननिवेदक यंत्रणा नेतात. ती उपग्रहांवरून आपले अक्षांश, रेखांश व उंची ठरवून दर काही सेकंदांनी संकेतपुंजाच्या रूपाने प्रक्षेपित करते. जमिनीवरील नकाशावर छत्रीचा मार्ग उमटत जातो व निरनिराळ्या उंचीवर वारा कोणत्या दिशेने किती वेगाने वाहत होता हेही त्यावरून काढता येते. मुळशीसारख्या डोंगराळ, झाडीच्या व पाणसाठ्यांच्या मुलखात वाऱ्याने भलतीकडे गेलेल्या माणसाचा शोध घेण्यास ही यंत्रणा संभाषणापेक्षा अधिक उपयोगी आहे. तिला चालकाचे लक्ष लागत नाही, हा तिचा मोठा गुण.

इतिहास : भारतात हवाई छत्रीने उतरणारे पहिले भारतीय म्हणून रामचंद्र चटर्जी यांचा उल्लेख केला जातो. त्यांनी १८९० मध्ये कलकत्त्यात फुग्यातून उडी घेतली, तेव्हा बिनतारी संदेशवहनाचा शोधही लागलेला नव्हता. छत्री आणि रेडिओ यांची गाठ पुढे युद्धाने घातली. सप्टेंबर १९४४ मध्ये नेदर्लंड्समधील आर्नहेम येथे उतरलेल्या ब्रिटिश छत्रीधारी सैन्याचे संच झाडी व वस्ती यांमुळे काही किलोमीटरही पोचेनात आणि तुकड्यांचा परस्परांशी संपर्क तुटला. हवेत असताना ज्याला साऱ्या मुलखाशी बोलता आले असते, त्याला पाय टेकताच पलीकडच्या झाडीतील सोबतीही ऐकू येत नाही, हे त्या लढाईने महाग किंमत घेऊन दाखविले. महाराष्ट्राचा या युद्धप्रकाराशी निकटचा संबंध आहे. ११ डिसेंबर १९७१ रोजी बांगला देशातील टांगाइल येथे छत्र्यांनी उतरलेली पॅराशूट रेजिमेंटची दुसरी पलटण ही मूळची मराठा पायदळाची पलटण होय.

क्रीडा म्हणून छत्री-उडी भारतात मुख्यतः सैन्याच्या आश्रयाने वाढली. हवाई दलाचे ‘आकाशगंगा’ हे प्रात्यक्षिक पथक १९८७ मध्ये आग्रा येथे स्थापन झाले. नागरी क्षेत्रात पुण्याच्या शीतल महाजन यांनी १८ एप्रिल २००४ रोजी उत्तर ध्रुवावर व २००६ मध्ये अंटार्क्टिकावर उड्या घेतल्या. २०११ मध्ये त्यांना पद्मश्री हा सन्मान लाभला. हौशी रेडिओ व छत्री-उडी यांची पद्धतशीर सांगड मात्र अमेरिकेत घातली गेली. कॅलिफोर्नियातील काही रेडिओ हौशींनी २००९ पासून संघटितपणे असे प्रयोग चालविले आणि ‘पॅराशूट मोबाइल’ हे नावही रूढ केले. त्यांनी प्रथम २ मी. पट्ट्यावर व नंतर लघुतरंगांवरही काम केले.

या प्रयोगांचे समर्थन करताना आपत्तिकालीन उपयोगाचा दाखला पुष्कळदा दिला जातो. तो तपासून घ्यावा असा आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या लातूर–उस्मानाबाद भागातील भूकंपानंतर आणि डिसेंबर २००४ च्या त्सुनामीनंतर अंदमानात रेडिओ हौशींनी संदेशवहनाचे काम केले. ते मोलाचे ठरले ते त्यांनी एका जागी ठाण मांडून तासन्‌तास संच चालवल्यामुळे. बारा मिनिटांत जमिनीवर येणाऱ्या केंद्राला ही सर नाही. त्याऐवजी जवळच्या टेकडीवर पुनःप्रक्षेपक बसवणे केव्हाही बरे. वाटा बंद झालेल्या ठिकाणी संच व त्याचा जाणकार एकदम उतरवता येतो, हा मुद्दा उरतोच. परंतु तेथेही खरे काम सुरू होते ते पाय टेकल्यानंतर, म्हणजे उंचीचा लाभ संपल्यावर. एरवी हा एक कुतूहलाचा व कौशल्याचा छंद आहे, आणि छंद म्हणून त्याला आणखी समर्थनाची गरज नाही.

शिक्षणातील रेडिओ : छत्री आणि रेडिओ यांचा रोजचा संबंध याहून साधा आहे. स्वतंत्र उडी घेणाऱ्या नवशिक्याच्या शिरस्त्राणात बहुधा एक ग्राही बसवतात व जमिनीवरील शिक्षक त्याला ‘डावीकडे’, ‘उजवीकडे’, ‘आता दोन्ही दोऱ्या ओढा’ अशा सूचना देतो. नवशिक्याजवळ प्रक्षेपक नसतो. त्याने ऐकायचे व वागायचे. मावळ तालुक्यातील कामशेत परिसरात डोंगरावरून पॅराग्लायडर उडविण्यास शिकणाऱ्यांनाही अशाच सूचना मिळतात. या व्यवस्थेतील धोका तिच्या सोयीतच आहे. आवाजावर विसंबून राहिलेला विद्यार्थी ग्राही बंद पडताच गांगरतो. त्यामुळे चांगले शिक्षक, रेडिओ मुका झाल्यास काय करावयाचे हे आधी शिकवतात व रेडिओ मागाहून देतात.

असे सूचनावहन हौशी रेडिओत मोडत नाही, हे येथे स्पष्ट केले पाहिजे. आंतरराष्ट्रीय व्याख्येनुसार हौशी सेवा ही स्वयंशिक्षण, परस्परसंपर्क व तांत्रिक संशोधन यांसाठी, कोणताही आर्थिक लाभ न घेता चालवावयाची असते. शुल्क घेऊन चालणाऱ्या प्रशिक्षणास तिचे पट्टे वापरता येत नाहीत. संच हाती मिळतो व तो त्या पट्ट्यात चालतो, एवढ्यावरून तो वापरण्याचा अधिकार प्राप्त होत नाही.

मनुष्यविरहित छत्र्या : छत्रीला टांगलेला रेडिओ महाराष्ट्राच्या खेड्यांना अगदी अपरिचित नाही. टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या हैदराबाद येथील केंद्रातून सोडलेले प्लॅस्टिकचे प्रचंड फुगे वैज्ञानिक उपकरणे घेऊन वातावरणाच्या वरच्या थरांत जातात. काम संपल्यावर उपकरणे फुग्यापासून सुटतात व रंगीत छत्र्यांच्या आधाराने उतरतात. ती सोलापूर, लातूर, नांदेड यांसारख्या जिल्ह्यांतील शेतांतही येऊन पडू शकतात. उड्डाणापूर्वी संस्था जाहीर सूचना देते की, अशी वस्तू सापडल्यास तिला हात न लावता पोलिसांना किंवा संस्थेस कळवावे. कारण काही उपकरणांत उच्च विद्युत्‌ दाब असतो आणि आतील नोंदी अमूल्य असतात. रेडिओ हौशीही लहान प्रमाणावर असे फुगे सोडतात. त्यांतील स्थाननिवेदक यंत्रणा छत्रीवरील चालक नेतो तीच असते.

परवाने : हौशी रेडिओचालकास भारतात केंद्रीय दूरसंचार विभागाच्या बिनतारी नियोजन व समन्वय शाखेचा परवाना घ्यावा लागतो. त्यासाठी रेडिओ तंत्र व नियम यांची परीक्षा द्यावी लागते. उत्तीर्ण झाल्यावर ‘व्ही यू’ या अक्षरांनी सुरू होणारा ओळखसंकेत मिळतो. हा परवाना रेडिओपुरता असतो. उडीचा विषय नागरी विमानवाहतुकीच्या अखत्यारीत येतो. १९३७ च्या विमान नियमांनीच चालत्या विमानातून वस्तू टाकण्यावर व आणीबाणीखेरीज छत्रीने उतरण्यावर निर्बंध घातले. पुणे परिसरातील हवाई वाहतुकीचे नियंत्रण लोहगाव येथील हवाई दलाच्या तळाकडे आहे. त्यामुळे उरवड्याच्या भातखाचरांवर कोणास छत्रीने उतरावयाचे असल्यास रेडिओ परवान्याखेरीज विमानासाठी, उडीसाठी व त्या वेळेपुरत्या मोकळ्या आकाशासाठी स्वतंत्र अनुमती लागेल, आणि खाचराच्या मालकाची संमतीही. भाताची कापणी आटोपून बांध कोरडे पडल्यावरच, म्हणजे नोव्हेंबरअखेरीनंतर, ती मिळण्याचा संभव अधिक. पावसाळ्यात येथील ढग डोंगरमाथ्यांवर टेकलेले असतात व उडीचा प्रश्नच उद्‌भवत नाही.